कागद पाठीमागून उजेडात धरावा

तीर्थस्वरूप मामांच्या सेवेशी,

डावऱ्या भाच्याचा दोन्ही हात जोडून नमस्कार. (दोन्ही हात जोडले की डावा कुठला आणि उजवा कुठला हा प्रश्नच उरत नाही, म्हणून नमस्कार हा प्रकार मला लहानपणापासून आवडतो.) इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. तुमचं ब्लडप्रेशर आता उतरलं असेल. मामींचा डावा गुडघा कसा आहे? की उजवा? मागच्या पत्रात तुम्ही डावा लिहिलं होतंत, आणि मामी फोनवर उजवा म्हणाल्या. या बाबतीत माझ्यावर विसंबू नये. तुम्ही दोघांनी एकदा समोरासमोर बसून ठरवावं, पण शेजारी शेजारी बसून ठरवावं हे जास्त बरं, कारण समोरासमोर बसलं की काय घोटाळा होतो हे या पत्रात पुढे येणारच आहे.

तुम्ही वर्तमानपत्र शेवटच्या पानापासून वाचता आणि पत्रंही तशीच वाचता हे मला माहीत आहे. हे पत्र कृपा करून सुरुवातीपासून वाचावं. विषय तुमचा आहे. गणिताचा.

तुम्ही हसलात हे मला इथे ऐकू आलं. हसा. पण तुमचा हा भाचा बावन्नाव्या वर्षी निर्देशक भूमितीची परीक्षा देऊन आला आहे आणि पास झाला आहे. पास झालो हे आधीच सांगून टाकतो, कारण मला स्वतःला ते दिवसातून चार वेळा कुणाला तरी सांगितल्याशिवाय चैन पडत नाही. काल मी ते दूधवाल्यालाही सांगितलं. तो म्हणाला, "बरं, मग आज अर्धा लिटर की एक?"

आता पहिल्यापासून. एकतीस वर्षांपूर्वी तुम्हीच मला हाताला धरून या शिक्क्यांच्या दुकानात आणलंत. तेव्हाच्या मालकांना (म्हणजे आताच्या मालकांच्या वडिलांना) तुम्ही काय म्हणालात ते मला शब्दशः आठवतं. "याच्या डोक्यात सगळं उलटं आहे. तुमच्याकडे उलट्या अक्षरांचाच धंदा आहे, तर बघा याचं काही होतं का." माझं झालं. रबराच्या तुकड्यावर कोरणीनं उलटी अक्षरं कोरायची, की कागदावर ती सुलटी उमटतात. इतरांना हे शिकायला दोन वर्षं लागली. मला काही शिकावंच लागलं नाही, माझा हात मुळातच तिकडून चालणारा. दुकानात मला 'उलटोबा' म्हणतात, आणि खिडकीजवळचं टेबल माझं. त्यावर भिंग, कोरण्यांचा डबा आणि अक्षर तपासायचा छोटा आरसा. आरसा मी रीतसर ठेवलाय, पण मला तो लागत नाही. मला उलटं आणि सुलटं सारखंच वाचता येतं, किंबहुना कुठलं उलटं आणि कुठलं सुलटं हे सांगायला मला क्षणभर थांबावं लागतं. न्हाव्याच्या दुकानात आरशात बघून "डाव्या कानावर जरा जास्त घ्या" असं मी सांगितलं की तो नेहमी दुसऱ्याच कानावर घेतो. चूक त्याची की माझी हे एकतीस वर्षांत ठरलेलं नाही.

दुकानाचा एक जुना नियम इथेच सांगून ठेवतो, पुढे लागेल. कुठलाही शिक्का दुकानाबाहेर पडण्यापूर्वी चाचणी वहीत एकदा उमटवायचा. पॅकिंगच्या मावशी हे काम करतात. वहीत ठसा नाही तर शिक्क्याला उंबरा ओलांडायची परवानगी नाही.

तर, दोन महिन्यांपूर्वी मालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि बसायला सांगितलं. (एकतीस वर्षांत त्यांनी मला केबिनमध्ये बसायला दोनदाच सांगितलं. पहिल्यांदा त्यांचे वडील गेले तेव्हा.) ते म्हणाले, लेसरचं कोरायचं मशीन येतंय. संगणकावर आराखडा काढायचा, मशीन तो रबरावर जाळून काढतं. ते खिडकीजवळ तुमच्याच टेबलावर बसवू. पण मशीन देणाऱ्यांची एक अट आहे. चालवणाऱ्यानं त्यांच्या संस्थेचा सहा आठवड्यांचा कोर्स करून परीक्षा पास व्हायला हवं. झालात तर मशीन तुमचं. नाही झालात तर मग मागच्या खोलीत या, मुठी ठोकायला माणूस हवाच आहे. मालक चांगले आहेत, हे त्यांनी खाली बघत सांगितलं. मागच्या खोलीत, मामा, शिक्क्यांना लाकडी मुठी बसवतात. दिवसभर हातोडी. त्या खोलीला खिडकी नाही. मुठीला डावं-उजवं, उलटं-सुलटं काही नसतं. गोल असते. एकतीस वर्षं अक्षरं कोरल्यावर उरलेली आठ वर्षं मी गोल लाकडावर हातोडी मारायची, हे काही मला गिळवेना.

कोर्सच्या बाई आमच्या मुलीपेक्षा लहान. पहिल्याच दिवशी त्यांनी फळ्यावर एक आडवी आणि एक उभी रेघ मारली आणि म्हणाल्या, मशीनला 'जरा इकडे, जरा तिकडे' कळत नाही. त्याला प्रत्येक ठिपक्याचे दोन आकडे लागतात. आडवा क्ष, उभा य. दोघे भेटतात तो आरंभबिंदू, शून्य शून्य. उजवीकडे धन, डावीकडे ऋण, वर धन, खाली ऋण. तुम्ही हे मला नववीत शिकवलं होतं. तेव्हा माझं काय झालं होतं ते आपल्या दोघांनाही आठवतंय, त्याविषयी आत्ता काही लिहीत नाही.

मग त्यांनी सांगितलं की आकृतीचं चार प्रकारे काय काय करता येतं. ती उचलून जशीच्या तशी सरकवायची, हे स्थानांतरण. रेषेपलीकडे आरशासारखी पलटायची, हे परावर्तन. एका बिंदूभोवती फिरवायची, हे परिवलन. आणि मोठी किंवा लहान करायची, हे विवर्धन. परावर्तन म्हटल्याबरोबर मी ताठ बसलो. आयुष्यभर केलं काय मी दुसरं? माझ्या शेजारी एक फरशीवाले बसत. (नक्षीच्या फरश्या कापायचं मशीन त्यांच्याकडे आलंय.) मी त्यांना म्हटलं, "हे आपल्याला घरचं काम आहे." बाईंनी वहीत काढायला दिलं: एक त्रिकोण, टोकं दोन-एक, पाच-एक आणि दोन-चार, तो य-अक्षात परावर्तित करा. फरशीवाले अजून पट्टी शोधत होते तेवढ्यात माझं झालं. बाईंनी वही बघितली, मग मला बघितलं, मग परत वही. म्हणाल्या, "काका, उत्तर तिथे आहे जिथे प्रश्न असायला हवा, आणि प्रश्न तिथे आहे जिथे उत्तर." त्याचं असं झालं, मामा, की समोर कागद आला की माझा हात धरूनच चालतो की हे उमटवायचं आहे. म्हणजे कागदावर जे उजवीकडे दिसायला हवं ते तो डावीकडे काढतो. त्रिकोण मुळातच मी डावीकडे काढला आणि परावर्तन करून उजवीकडे आणला. फरशीवाले वाकून बघत म्हणाले, "तुम्ही घरी गेलात आणि मग निघालात की काय?"

घरी आल्यावर तुमची भाचेसून म्हणाली, "एवढंच ना? मग सराव करू." तिच्या सगळ्या संकटांवर सराव हा एकच उपाय असतो. फरशीवाल्यांनी सुचवल्याप्रमाणे आम्ही बाहेरच्या खोलीतल्या फरश्यांचाच आलेख केला. शेजाऱ्यांच्या बाजूची भिंत हा य-अक्ष, दाराकडची भिंत क्ष-अक्ष, दोघींचा कोपरा हा आरंभबिंदू. (तिथे चपलांचा स्टँड होता, तो हलवला.) पहिल्या दिवशी स्थानांतरण. तिनं सांगायचं, "खुर्ची चार उजवीकडे, दोन पुढे," आणि मी नेऊन ठेवायची. यात डाव्या-उजव्याचा थोडा गोंधळ सोडला तर खोली फार छान लागली. ती म्हणाली, लग्नाला पंचवीस वर्षं झाली, एवढ्या वर्षांत मी सांगितलेल्या ठिकाणी तुम्ही खुर्ची पहिल्यांदा ठेवलीत.

दुसऱ्या दिवशी परिवलन. टेबल तीन-दोन या फरशीवर होतं. ते आरंभबिंदूभोवती घड्याळाच्या उलट दिशेनं नव्वद अंश फिरवायचं. मी कागदावर हिशेब केला. उत्तर आलं ऋण दोन, तीन. मी टेबल उचललं आणि भिंतीपाशी येऊन थांबलो. ऋण दोन म्हणजे शेजाऱ्यांचं स्वयंपाकघर. मी आकडे पुन्हा तपासले, बरोबर होते. तुमची भाचेसून कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मी तुम्हाला टेबल फिरवायला सांगितलं, शेजारणीला द्यायला नाही." त्यावर मी तिला समजावून सांगितलं की फिरवायचं म्हणजे कशाभोवती फिरवायचं हे आधी ठरवावं लागतं. टेबल स्वतःच्या मध्याभोवती फिरलं तर घरात राहतं, कोपऱ्याभोवती फिरलं तर घर सोडतं. ती म्हणाली, "हे माणसांनाही लागू आहे," आणि चहा करायला गेली. कुणाला उद्देशून म्हणाली ते मी विचारलं नाही.

विवर्धनाची कथा अधिक महाग पडली असती, पण जुना पडदा होता म्हणून निभावलं. तिला सोफ्यावरच्या उशीचा अभ्रा दुप्पट करून हवा होता. मी म्हटलं, द्या इकडे. उशीच्या चारही कोपऱ्यांचे आकडे लिहून सगळ्यांना दोननं गुणलं, कापड कापलं, तिनं विश्वासानं शिवलं. जुन्या उशीत जेवढा कापूस होता तेवढा आणखी आणला. तो भरल्यावर अभ्रा अर्धासुद्धा भरेना. मग कळलं की दोन्ही बाजू दुप्पट केल्या की उशी दुप्पट होत नाही, चौपट होते. (तुम्ही हे पाठ करून घेतलं होतंत. पाठ झालं होतं, कळलं परवा.) आता ती उशी सोफ्यावर बसते आणि आम्ही खाली.

अशा रीतीनं सहा आठवडे गेले आणि परीक्षेचा दिवस आला. तीस गुण, पास व्हायला पंधरा, एक तास. सकाळी बुटाच्या नाड्या मी तीनदा सोडून पुन्हा बांधल्या. मागच्या खोलीतली हातोडी कानात वाजत होती. कागद समोर आला, घंटा झाली, आणि त्यानंतर काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही, कारण मी तिथे नव्हतोच म्हणा ना. घाबरलो की मी विचार करायचं थांबतो आणि हात आपलं आपण काम उरकतो. दिवाळखोर कंपनीचा शिक्का तासाभरात हवा असला की असंच होतं, आणि काम कधी चुकत नाही. पस्तीस मिनिटांत पेपर लिहून झाला. मला फार बरं वाटलं. मी फरशीवाल्यांकडे बघून मान हलवली. ते घामाघूम झाले होते.

दुसऱ्या दिवशी बाईंनी मला वर्ग सुटल्यावर थांबायला सांगितलं. समोर माझा पेपर. तीसपैकी दोन. त्या खूप हळू आवाजात बोलल्या, आणि वाईट बातमी हळू आवाजात आली की ती खरी असते. दोन गुणही कशाचे, तर य-अक्षावर पडलेल्या दोन बिंदूंचे. बाकी प्रत्येक ठिपका, प्रत्येक आकृती चुकीच्या बाजूला. मला, मामा, काही दिसेना. मला ती मागची खोली दिसत होती. लाकडाच्या भुशाचा वासही आला.

पण बाई पेपर ठेवून देईनात. त्या म्हणाल्या, "काका, एक विचारू? हे आकडे तुम्ही असे का लिहिलेत?" मी चष्मा लावून बघितलं. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. तीन होता, पाच होता, सात होता. त्या म्हणाल्या, "हे उलटे आहेत." तेव्हा माझ्या ध्यानात आलं. घाबरलेल्या हातानं सगळा पेपर शिक्क्यासारखा कोरला होता. आकृत्याच नाहीत, आकडेही, वरचं माझं नावसुद्धा. बाई उठल्या, पेपर पालथा केला आणि खिडकीच्या काचेला लावला. बाहेर चांगलं ऊन होतं. कागदाच्या पाठीवर रेघा उमटल्या, आणि आम्ही दोघं बघत राहिलो. त्रिकोण जिथे हवा तिथे. परावर्तन बरोबर. परिवलन घड्याळाच्या उलट दिशेनं, अगदी नव्वद अंश. माझं नाव सरळ. बाईंनी लाल पेन काढलं आणि काचेवरच, पाठीमागून, एकेक बरोबरची खूण करत गेल्या. सत्तावीस. तीन गुण गेले ते विवर्धनाचे. (तिथे मला उशी नडली.)

"कसं केलंत हे?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "बाई, मी काही केलं नाही, हातानं केलं."

पण पेपर पाठीमागून तपासायचा नियम कुठल्याही संस्थेत नसतो. बाई तो घेऊन मोठ्या सरांकडे गेल्या. सर पंधरा मिनिटं बाहेर आले नाहीत. आले ते मला बघून म्हणाले, "आमचं मशीन समोरून काम करतं हो, त्याला पाठ नाही. उद्या पुन्हा परीक्षा. माझ्यासमोर, फळ्यावर." फळ्याच्या मागे भिंत होती, तेव्हा आता पाठीमागून कुणी बघण्याचा प्रश्न नव्हता.

संध्याकाळी मी घरी सगळं सांगितलं. तुमची भाचेसून शिवणाचा डबा घेऊन आली आणि माझ्या शर्टाच्या उजव्या बाहीच्या कफाला एक मोठं लाल बटण शिवलं. (मुलीच्या जुन्या स्वेटरचं होतं.) शिवताना दोनदा मला हात पुढे करायला सांगितलं, आणि दोन्ही वेळा मी चुकीचा केला. मग तिनं मनगट स्वतःच धरलं. म्हणाली, "आता विचार करायचा नाही. लाल बटण जिकडे, अधिक तिकडे. हातानं कितीही ओढलं तरी आधी बटणाकडे बघायचं." मी डावरा असल्यानं खडू डाव्या हातात राहणार आणि बटण मोकळ्या हातावर डोळ्यांसमोर दिसत राहणार, हाही विचार तिनं केला होता.

दुसऱ्या दिवशी फळ्यासमोर मी इतक्या वेळा मनगटाकडे बघितलं की सरांना वाटलं मला कुठे जायची घाई आहे. तीसपैकी चोवीस. शेवटी त्यांनी एक तोंडी प्रश्न विचारला. एकाच अक्षात आकृती दोनदा परावर्तित केली तर काय होईल? मी म्हटलं, घरी परत येईल. आणि तीनदा केली तर? याला मला बटणाकडेही बघावं लागलं नाही. मी म्हटलं, एकदाच केल्यासारखं. शिक्का उलटा, ठसा सुलटा. ठसा ओला असताना त्यावर कागद दाबला तर त्या कागदावर उलटा. त्यावर आणखी एक दाबला की परत सुलटा. एकतीस वर्षं रोज बघतोय साहेब. सर हसले आणि त्यांनी सही केली. जिन्यावरून उतरताना माझे पाय एवढे हलके झाले होते की मी एक मजला जास्त उतरून तळघरात गेलो. तिथल्या चौकीदारालाही मी सांगितलं.

तर आता मशीन आलंय, खिडकीजवळ माझ्याच टेबलावर बसलंय. आरसा मी काढला नाही. मशीनशेजारी ठेवलाय, त्यालाही थोडी सोबत. मालक मला आता 'ऑपरेटर' म्हणतात आणि पॅकिंगच्या मावशी 'उलटोबा'च म्हणतात. रात्रीची झोप लागते. जेवण जातं. मामींकडून परीक्षेचं कळल्यावर तुम्ही मला तीन पत्रांतून जे सूत्रांचे कागद पाठवलेत त्यांचा फार उपयोग झाला, असं मी मनापासून म्हटलं असतं, पण ते मी परीक्षेनंतर उघडले. राग मानू नये. उघडायची भीती वाटत होती, कारण त्यांवर तुमचं अक्षर होतं.

मामींना नमस्कार, गुडघ्यांना (दोन्ही) आराम पडो. पत्राला उत्तर सवडीनं द्यावं.

तुमचा भाचा,
ऑपरेटर

ता. क. पाकीट चिकटवण्यापूर्वी एक बारीकशी गोष्ट. मशीनवरचं माझं पहिलं काम तुमच्याच जुन्या शाळेचं होतं. हे तुम्हाला कळू द्यायचं नव्हतं, तेव्हा कळलं की चेहरा आश्चर्यचकित करण्याची कृपा करावी. आताच्या मुख्याध्यापिका तुमच्याच विद्यार्थिनी. त्यांना सगळ्या शिक्षकांसाठी 'तपासले' असा शिक्का हवा होता, आणि तो तुमच्या अक्षरात हवा होता. चाळीस नग. त्यांच्याकडे नमुना नव्हता. मी म्हटलं, नमुना नको, ते अक्षर मी डोळे मिटून काढतो. संगणकाच्या पाटीवर मी ते पेननं काढलं, आरशासारखं पलटवायचं बटण आठवणीनं दाबलं, काम मशीनला लावलं आणि प्रमाणपत्र आणायला संस्थेत गेलो. मी येईपर्यंत मावशींनी पार्सल बांधून रवाना केलं होतं. आज सुट्टीच्या दिवशी मशीनचा तंत्रज्ञ सहज फोनवर म्हणाला की शिक्क्याच्या कामात आमचं मशीन आपण होऊनच पलटवतं, तुम्ही ते बटण दाबायचं नाही. म्हणजे दोनदा पलटलं. म्हणजे रबरावर सुलटं. म्हणजे कागदावर उलटं. चाळीस वेळा! (वहीत ठसे असतील, पण एकतीस वर्षांत एकही ठसा चुकला नाही म्हणून मावशी आता ते बघत नाहीत, नुसते मोजतात.) मामा, पार्सल गुरुवारी शाळेत पोचेल. तुम्ही काठी घेऊन सकाळीच जावं आणि ते न उघडता ताब्यात घ्यावं. मुख्याध्यापिका तुम्हाला नाही म्हणणार नाहीत, अजूनही घाबरतात. तक्रार होऊन प्रकरण मालकांकडे आलं तर मागच्या खोलीत माझी हातोडी अजून तशीच टांगलेली आहे.

ता. क. २. पत्र काल टाकायचं राहिलं, कारण डिंकाची बाटली सापडली नाही. (ती ऋण बाजूला, शेजाऱ्यांकडे होती.) फार बरं झालं. शाळेत जाऊ नये. आज सकाळी दुकान उघडायच्या आधीच मी पायरीवर जाऊन बसलो आणि मालक आल्याबरोबर चाचणी वही काढली. सगळे ठसे सुलटे! चारदा बघितले, मग आरशातही बघितले, तिथे उलटे दिसले, तेव्हा खात्री पटली. झालं असं की पाटीवर तुमचं अक्षर काढतानाच माझ्या हातानं ते उलटं काढलं होतं. शर्ट दुसरा होता, लाल बटण नव्हतं. एकदा हात, एकदा संगणकाचं बटण, एकदा मशीन. तीनदा पलटलं म्हणजे एकदाच पलटल्यासारखं. सरांना मी हेच उत्तर दिलं होतं, आणि वेळ आली तेव्हा मला दोनपर्यंतच मोजता आलं. मी वही छातीशी धरून उभा होतो. मावशी म्हणाल्या, "एकतीस वर्षांत एकदा तरी उलटा ठसा दाखवा उलटोबा, मग रडा. आत्ता बाजूला व्हा, झाडायचंय."

ता. क. ३. आता ज्यासाठी पत्र लिहिलं ते. (तुम्ही शेवटून वाचलं असेल तर हे आधीच वाचलंय, हरकत नाही.) वहीत ठसे चाळीस नाहीत, एक्केचाळीस आहेत. एक्केचाळिसावा शिक्का मी मुद्दाम जास्तीचा लावला होता आणि मावशींनी तो माझ्या टेबलावर ठेवला होता; तो या पाकिटात आहे, तो तुमचा. तुमचं अक्षर मला नमुन्याशिवाय आलं, कारण ते मी वर्षानुवर्षं डोळ्यांसमोर बघतोय. नववीच्या सहामाहीचा माझा पेपर. आलेखाचा प्रश्न, वीस गुणांचा. आकडे तुम्ही मला छडीनं सुलटे करायला लावले होते, ते सुलटे होते. आकृत्या सगळ्या डावीकडे होत्या. तुम्ही त्यावर लाल शाईनं शून्य दिलं, खाली 'तपासले' लिहिलं, 'ले'ची मात्रा पार समासाबाहेर गेलेली, आणि आईला दाखवायचा म्हणून तो पेपर तुमच्या पत्र्याच्या ट्रंकेत ठेवून दिला. मामी सांगतात की तुम्ही आजवर एकही कागद टाकलेला नाही.

तो काढावा. पालथा करून खिडकीच्या काचेला लावावा, दुपारी, चांगलं ऊन असताना. आकडे उलटे दिसतील तिकडे दुर्लक्ष करावं, फक्त आकृत्या बघाव्यात. काही गुण निघत असतील तर शेजारी लिहावेत. शून्य खोडू नये, ते पाठीमागून बघितलं तरी तसंच दिसतं. आणि खाली हा शिक्का उमटवावा. ठसा सुलटा येतो, मी पाहिलाय.